फ्लायव्हील विसरू नका

वर एका दादांनी लिहिलंय, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स काढून मॅन्युअल चढवला की झालं, दोन दिवसांचं काम. एवढं सोपं नाही राव! जालन्यात मित्राच्या जुन्या गाडीचं काम मी जवळून पाहिलंय. बॉक्स आणला, पण फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाची जड चकती जिच्यावर क्लच बसतो, तेच राहिलं. ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टरसाठी (क्लचच्या जागी तेलातून ताकद पुढं देणारा भाग) फ्लेक्सप्लेट नावाची पातळ चकती असते, तिच्यावर क्लचप्लेट बसत नाही. शिवाय क्लच पेडल, केबल, गिअर लिव्हर वेगळंच. सगळं जोडलं, तर सेल्फच घेईना. गाडी पार्क किंवा न्यूट्रलला असेल तरच सेल्फ लागू देणारा स्विच जुन्या बॉक्सबरोबर निघालेला आणि स्टार्टर चालू करणारा करंट त्यातूनच जायचा. मिस्त्रीनं तो जोड क्लच पेडलच्या स्विचमधून दिला, तेव्हा कुठं गाडी बोलली. सुटे भाग गोळा करत फिरण्यापेक्षा त्याच मॉडेलची ठोकलेली मॅन्युअल गाडी अख्खी उचला. असा बदल चालतो का, ते आरटीओत मात्र आधी विचारा.