जागच्या जागी पडलेल्या गाडीचं बिल: चूक चालवणाऱ्याची की बनवणाऱ्याची?

रोजचा_रायडर (धागा सुरू करताना)

गेल्या आठवड्यात माझी मोटारसायकल पडली. वेग चालत्या माणसाचा. यू-टर्न घेत होतो, हँडल पूर्ण वळलेलं, समोर अचानक कुत्रं आलं, मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी डाव्या अंगावर गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचं काय झालं ते ऐका: क्लच लिव्हर मोडला, आरसा गेला, इंडिकेटर गेला, गिअर लिव्हर आत वाकला, टाकीला पोचा पडला, डावी फेअरिंग (अंगावरचं प्लास्टिकचं आवरण) घासली आणि मॅग्नेट कव्हरला, म्हणजे इंजिनच्या डाव्या बाजूच्या झाकणाला, तडा गेला. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट गाडीच्या किमतीच्या सहाव्या हिश्शाएवढं आलं.

हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, हे मला माहीत आहे. चूक माझीच. पण त्या चुकीला एवढा दंड का? फेअरिंगचं बघा. पॅनेल आत अडकवायचा नखाएवढा टॅब तुटला, बाकी फक्त ओरखडे. टॅब वेगळा मिळत नाही, म्हणून अख्खं पॅनेल घ्यायचं. त्यावरचं स्टिकर पुन्हा वेगळं घ्यायचं.

दोन चाकांवर उभी राहणारी वस्तू कधीतरी आडवी होणारच. स्टँड घसरतो, उतारावर पाय पुरत नाही, शेजारची गाडी काढताना कुणी धक्का देतं. बनवणाऱ्याला हे माहीत असतं. मोटारींसाठी अमेरिकेत बंपरचा नियमच आहे: ताशी अडीच मैलांच्या, म्हणजे सुमारे ४ किलोमीटरच्या धडकेत नुकसान ठरावीक मर्यादेपलीकडे जाता कामा नये. तिथे मोटारसायकल कडेला पडण्याबद्दल तसं काही नाही. आणि हे करणं अशक्यही नाही. १९९० साली आलेल्या होंडा एसटी११०० ला फेअरिंगच्या खाली दोन्ही बाजूंना दांड्या होत्या, त्यांच्यावर बदलता येणारी कव्हरं होती. गाडी कलंडली की भार त्यांच्यावर. मग आज प्रत्येक गाडीला तसं का नाही?

पाना_बारा

असहमत. बरीच वर्षं गॅरेजमध्ये काढली आहेत, त्यावरून बोलतो.

आधी तुमच्या मनातला हिशोब तपासू. वेग कमी होता म्हणून नुकसानही कमी व्हायला हवं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण कलंडणाऱ्या गाडीला वेगाशी फारसं देणंघेणं नसतं. दोनशे किलोचं धूड उभ्याचं आडवं होतं आणि तो भार जमिनीवर टेकतो चार-पाच ठिकाणी: हँडलचं टोक, फुटरेस्ट, इंजिनचं कव्हर, आरसा. गाडी उभी असताना पडली काय आणि दहाच्या वेगात पडली काय, ती आपटते तेवढ्याच उंचीवरून. पुढे सरकण्याचा वेग ओरखडे लांबवतो. उलट जागेवर पडलेली गाडी अजिबात घसरत नाही, सगळा मार त्याच चार-पाच बिंदूंवर बसतो. कव्हरला तडा गेलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत ज्या फक्त स्टँडवरून पडल्या होत्या.

दुसरं, लिव्हरचं. बऱ्याच लिव्हरला टोकापासून थोडं आत मुद्दाम खाच ठेवलेली असते. टोक तिथे तुटतं आणि उरलेल्या तुकड्यावर घरी पोचता येतं. ते टोक तुटलं नाही तर धक्का पर्चला (लिव्हर हँडलवर धरणाऱ्या पकडीला) किंवा हँडलला बसतो. पुढच्या ब्रेकच्या बाजूला तर मास्टर सिलेंडरपर्यंत, म्हणजे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागापर्यंत जातो, आणि ते काम बघा किती महाग पडतं. लिव्हर मोडला हे डिझाइनचं अपयश नाही, त्याने आपलं काम केलं.

इंजिनचं कव्हर जाड केलं तर वजन वाढेल. तेच वजन तुम्हाला पुढच्या यू-टर्नला जड वाटेल.

मधला_गिअर

पाना_बारा, लिव्हरपर्यंत तुमच्याशी सहमत. पण टॅबचं तुम्ही सोडूनच दिलंत. मोडायचंच आहे तर स्वस्त भाग आधी मोडावा, हे तत्त्व तुम्हीच मांडलंत. मग तेच तत्त्व फेअरिंगला लावा! तिथे नखाएवढा तुकडा तुटतो आणि हातभर लांबीचं पॅनेल टाकून द्यावं लागतं. तो टॅब स्क्रूने बसणारा वेगळा तुकडा असता, तर वजन किती वाढलं असतं?

इंडिकेटरचंही तेच. रबरी दांडीचा इंडिकेटर वाकतो आणि परत सरळ होतो. फेअरिंगमध्ये सपाट बसवलेला फुटतो. माझ्या आधीच्या गाडीला रबरी दांडी होती, ती गाडी तीनदा पडली आणि तोच इंडिकेटर शेवटपर्यंत चालला. आताच्या गाडीचा पहिल्याच वेळी गेला.

सावकाश_चला

मला दोन्ही बाजूंचं आश्चर्य वाटतं. या यादीतला बराचसा खर्च दिसण्याचा आहे. पोचा, ओरखडे, स्टिकर. गाडी यांच्याशिवाय उत्तम चालते. सर्व्हिस सेंटर एस्टिमेट देताना गाडी शोरूममधून निघाली तशी करून द्यायचं गृहीत धरतं. तुम्ही तसं मागितलं होतं का?

पडलेल्या गाडीत त्याच दिवशी बघायच्या गोष्टी वेगळ्या असतात. इंजिन ऑइलची पातळी. ब्रेक दाबल्यावर लिव्हर स्पंजासारखा लागतो का, म्हणजे हवा शिरली का. ब्रेक ऑइल सांडलं असेल तर लगेच पाण्याने धुवायचं, रंग खाऊन टाकतं ते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का, अॅक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप बंद होतो का. गाडी बराच वेळ आडवी राहिली असेल तर उचलल्यावर काही मिनिटं थांबून मगच स्टार्ट करायची, ऑइल नको तिथे गेलेलं असतं. हे सगळं बघायला पैसे लागत नाहीत.

टॅबचं म्हणाल, तर एबीएस प्लास्टिक असेल तर वेल्डिंग होतं. जुन्या तुकड्याचा भुगा अॅसिटोनमध्ये विरघळवून लेप केला तरी टॅब नवा उभा राहतो. मी दोन वर्षांपूर्वी असा केलेला टॅब अजून टिकून आहे. कव्हरचा तडाही अॅल्युमिनियम वेल्डिंगने बुजवता येईल.

पाना_बारा

शेवटच्या वाक्याला माझा सक्त विरोध आहे, आणि हे मी ठणकावून सांगतो. बऱ्याच इंजिनांत मॅग्नेट कव्हरच्या आत ऑइल फिरत असतं. ओतीव अॅल्युमिनियमच्या छिद्रांत ते मुरतं, मग वेल्डिंगमध्ये बुडबुडे राहतात. उष्णतेने गास्केट (गळती रोखणारी पट्टी) बसते ती कड वाकते. आज थेंब गळत नाही, दोन महिन्यांनी गळतो, आणि पातळी कुणी बघत नाही. मग कव्हरच्या पैशात इंजिन घालवल्यासारखं होतं. कुशल हाताने कव्हर नीट साफ करून, तापवून वेल्ड केलं तर जमतं, नाही असं नाही. पण नवं मिळत असेल तर तिथे काटकसर नको.

वाकलेल्या लिव्हरचंही तसंच. स्टीलचा गिअर लिव्हर सरळ करा, बिनधास्त वापरा. अॅल्युमिनियमचा ब्रेक लिव्हर वाकला असेल तर सरळ करून वापरू नका. डोळ्याला न दिसणारी चीर राहते, आणि तो तुटणार तो नेमका तुम्ही जिवाच्या आकांताने दाबाल तेव्हा.

पैसे वाचवायची खरी जागा सांगतो. पडल्यावर हँडल वाकडं दिसतं आणि फॉर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) वाकला म्हणून नवा सांगितला जातो. बरेचदा फॉर्क ठीक असतो, नुसता टीमध्ये, म्हणजे त्याला हँडलशी जोडणाऱ्या पकडीत, पिळलेला असतो. एक्सल आणि टीचे बोल्ट सैल करायचे, चाक सरळ धरून हँडल जागेवर आणायचं, बोल्ट परत ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळायचे. नवा फॉर्क घ्यायच्या आधी एवढं करून बघा असं सांगा.

गार्डवाली

एवढी चर्चा झाली आणि साध्या क्रॅश गार्डचं नाव कुणी काढलं नाही. मी गाडी शिकत होते तेव्हा पहिल्या महिन्यात चार वेळा पडले. चारही वेळा गाडी गार्डवर टेकली. ओरखडे गार्डला, बाकी काही नाही. जे पाच मिनिटांत बोल्टने बसतं, ते नसल्याबद्दल कंपनीला बोल लावायचा हे मला पटत नाही.

रोजचा_रायडर

गार्डवाली, तुमचा अनुभव खरा आहे, पण सगळे गार्ड सारखे नसतात. माझ्या मित्राने एका बोल्टवर बसणारा स्लायडर (बाजूला बाहेर येणारा जाड गुटका) लावला होता. गाडी पडली, स्लायडरने पॅनेल वाचवलं आणि तरफेसारखा जोर देऊन इंजिन माउंटचं पीळ असलेलं भोकच फाडलं. चेसीला दोन ठिकाणी पकडणारा गार्ड वेगळा. पण गाडी घेणाऱ्याने हा फरक ओळखायचा कसा? पडण्याचा भार कुठे जाईल हे ज्यांनी चेसी आखली त्यांना माहीत असतं. म्हणून तर म्हणतो, तो त्यांनीच द्यावा. तुमचंच म्हणणं माझ्या बाजूने जातं: जे पाच मिनिटांत बसतं ते कारखान्यात का बसत नाही?

सावकाश_चला, तुमचं म्हणणं मला लागलं, चांगल्या अर्थाने. मी एस्टिमेट वाचलं आणि सही करणार होतो. काय लागतंच आणि काय नुसतं हवंसं वाटतं, असं विचारलंच नव्हतं. पोचा राहू देतो.

विम्याचं_बघतो

मी क्लेमच्या कामात आहे, म्हणून एक बाजू. अनेक पॉलिसींत सुरुवातीची ठरावीक रक्कम स्वतःच भरायची असते आणि क्लेम घेतला की पुढच्या वर्षीची सवलत जाते. त्यामुळे लहान पडझडीत क्लेम कधी कधी तोट्याचा ठरतो. दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय फॉर्म भरू नका.

पण धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा आहे. पूर्ण फेअरिंगच्या जुन्या गाड्या नुसत्या पॅनेलच्या यादीवर भंगारात निघताना मी पाहतो. इंजिन धडधाकट, चेसी सरळ, पण नव्या पॅनेलची बेरीज गाडीच्या उरलेल्या किमतीच्या वर जाते. चालती गाडी अशी निघते तेव्हा मला वाईट वाटतं. हा प्रश्न चालवणाऱ्याच्या कौशल्याचा नाही.

पाना_बारा

एसटी११०० चं उदाहरण छान आहे, पण ती तीनशे किलोच्या घरातली लांब पल्ल्याची गाडी. तिथे दांड्यांचं वजन खपून जातं. हलक्या गाडीला ते भारी पडेल. तुमचा बंपरचा नियम सरसकट लावला तर उघड्या इंजिनाची साधी गाडीही महाग होईल, आणि ती आज पडून सगळ्यात कमी मोडते. पडायचंच आहे हे धरून चालणाऱ्या ट्रायल्सच्या (दगड-अडथळ्यांवरून गाडी नेण्याच्या खेळाच्या) गाड्या बघा: सत्तर किलोच्या आसपास वजन, फेअरिंग नाहीच. ज्याला बिल नको त्याने अंगावर कमी प्लास्टिक असलेली गाडी घ्यावी, हे माझं मत कायम आहे.

टॅबवर मात्र मी मधला_गिअरला मान देतो. तो वेगळा मिळायला हवा, आणि स्टिकर पॅनेलसोबतच यायला हवं. इतकी वर्षं मीही अख्खी पॅनेलं बदलत आलो आणि कंपनीला कधी लिहून कळवलं नाही.

रोजचा_रायडर

आज गाडी आणली. कव्हर आणि गास्केट नवं. क्लच लिव्हर नवा. आरसा आणि इंडिकेटरही नवेच घ्यावे लागले. गिअर लिव्हर सरळ करून घेतला. हँडल थोडं वाकडं होतं, टीचे बोल्ट सैल करून ते जागेवर आलं. फेअरिंगचा टॅब मी घरी अॅसिटोनने उभा केला, उद्या वाळल्यावर बसवेन. बिल एस्टिमेटच्या निम्म्याहून कमी झालं. दोन ठिकाणी पकडणारा गार्डही मागवला आहे.

हलक्या गाडीचा मुद्दा मला अजून पटलेला नाही. दांड्या नकोत, मान्य. पण कव्हरच्या बाहेर बोल्टने बसणारी, झिजून फेकून द्यायची एक जाड चकती तरी? तिचं वजन किती असेल?