अनुभव धागा: बाईचं हृदय दुखतं तेव्हा

आईचा जबडा आणि पाठ दोन दिवस दुखत होती, जिना चढताना धाप लागत होती. दवाखान्यात पित्ताची गोळी मिळाली. तिसऱ्या दिवशी ईसीजी काढला, तोवर अटॅक येऊन गेला होता. वडिलांनी छातीला नुसता हात लावला होता, तेव्हा तासाभरात अँजिओग्राफी झाली होती. हा फरक मला अजून सलतो. तुमच्याकडे असं झालं असेल तर लिहा. लक्षणं काय होती आणि किती वेळ गेला, ते नक्की सांगा.

प्रतिसाद १
मी ४२ वर्षांची. बीपी नाही, शुगर नाही. छातीवर दाब आला, दरदरून घाम फुटला. पहिला प्रश्न आला, "टेन्शन घेता का?" रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं दिसल्यावर पळापळ सुरू झाली. ब्लॉकेज नव्हतंच, रक्तवाहिनीचा आतला पापुद्रा सुटला होता. याला स्कॅड म्हणतात आणि याचे दहातले जवळजवळ नऊ रुग्ण बायकाच असतात. स्टेंट घातला नाही, चीर आपोआप भरली.

प्रतिसाद २
बायकांच्या छातीत दुखतच नाही, असं कृपया समजू नका. बहुतेकींना दुखतंच, जोडीला मळमळ, धाप, पाठदुखी जास्त असते. सासूबाई स्पष्ट सांगत होत्या. आम्हीच ऐकलं नाही.

प्रतिसाद ३
आयसीयूत नर्स आहे. रिपोर्ट हातात आला की ट्रोपोनिनची मर्यादा कुठली छापली आहे ते बघा. एका प्रचलित चाचणीत ती पुरुषांसाठी ३४ आणि स्त्रियांसाठी १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. एकच आकडा धरला की बायका निसटतात. हे दुखणं जुनं आहे. अ‍ॅस्पिरिनने हार्ट अटॅक टळतो का, हे पाहणारा १९८९चा गाजलेला अभ्यास २२,०७१ डॉक्टरांवर झाला, सगळे पुरुष! बाईचा आजार पुरुषासारखा दिसला तरच तिला तसे उपचार मिळतात, हे अमेरिकन हृदयतज्ज्ञ डॉ. बर्नाडिन हीली यांनी १९९१मध्येच लिहिलं होतं.

प्रतिसाद ४
माझी अँजिओग्राफी 'नॉर्मल' आली. पुढची दोन वर्षं "मनाचं आहे" हेच ऐकलं. दोष बारीक रक्तवाहिन्यांत होता, त्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत. औषधं सुरू झाल्यावर चालताना दुखायचं थांबलं.

प्रतिसाद ५
गरोदरपणात माझं बीपी खूप वाढलं होतं, लघवीतून प्रथिनं जात होती. बाळंतपणानंतर सगळं विसरले. १९ वर्षांनी हृदयतज्ज्ञांनी विचारलं, तेव्हा कळलं की अशा बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. मधल्या काळात हे कुणीच सांगितलं नाही.

धागाकर्ती
प्रतिसाद ५ वाचून आईला आत्ताच विचारलं. माझ्या वेळी तिलाही तसंच झालं होतं. तिच्या एकाही केसपेपरवर ते लिहिलेलं नाही.