ऑक्सिजन ९८ असूनही मूत्रपिंडे का थांबली?

प्रश्न
ऊस तोडताना कोयता लागून आण्णांच्या पोटरीला झालेली जखम चिघळली आणि गेले चार दिवस ते सेप्सिसमुळे (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने अवयव बिघडणे) कोल्हापुरात आयसीयूत आहेत. मॉनिटरवर ऑक्सिजन ९८ दिसतो, रक्तदाबही औषधांवर सावरला आहे. तरी लघवीच्या पिशवीत सकाळपासून जेमतेम वाटीभर गडद लघवी जमली आहे. "पेशी ऑक्सिजन वापरत नाहीत," असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे नेमके काय? पाहुण्यांनी मायटोकॉन्ड्रियासाठी (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागांसाठी) म्हणून कार्निटिन हे पूरक औषध आणून ठेवले आहे. ते द्यावे का?

उत्तर १ (भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग)
९८ हा आकडा रक्तातील हिमोग्लोबिनचा आहे, पेशीचा नव्हे. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड भरपूर आणि वाराही आहे, तरी जाळ धरत नाही, अशी ही अवस्था असते. जंतूंविरुद्ध शरीराने उसळवलेले नायट्रिक ऑक्साइड आणि इतर दाहक रेणू मायटोकॉन्ड्रियातील ऑक्सिजन वापरणारी यंत्रणा, म्हणजे श्वसनसाखळी, अडवतात, त्यामुळे एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे इंधन, कमी पडते. 'लॅन्सेट'मध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात २८ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले, तेव्हा दगावलेल्यांमध्ये एटीपी कमी आढळले होते.

कार्निटिन देऊ नये. सेप्टिक शॉकमधील (सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांवरील) चाचणीत त्याने अवयवांची स्थिती लक्षणीय सुधारली नाही. 'क' जीवनसत्त्वाचेही असेच कौतुक झाले होते. २०२२ च्या मोठ्या चाचणीत ते शिरेवाटे घेतलेल्यांमध्ये मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचे प्रमाण उलट जास्त निघाले. सध्या मायटोकॉन्ड्रियाला खरा आधार मिळतो तो योग्य प्रतिजैविकातून आणि जखमेतला पू व कुजलेला भाग काढण्यातून.

उत्तर २ (जीवरसायनशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी)
एक भर घालते. सेप्सिसमध्ये निकामी झालेल्या मूत्रपिंडात मेलेल्या पेशी बहुधा थोड्याच सापडतात. म्हणून अतिदक्षता विषयाचे संशोधक मर्व्हिन सिंगर आदींनी असा विचार मांडला, की पेशी जगण्यासाठी काम आवरते घेत असाव्यात. तो खरा असेल, तर त्यांना बळेच कामाला जुंपणारे औषध घातक ठरू शकते. मायटोक्यूसारखे मायटोकॉन्ड्रियात शिरणारे अँटिऑक्सिडंट उंदरांमध्ये उपयोगी ठरले. मात्र तिथे औषध बहुतेकदा आजाराच्या अगदी सुरुवातीलाच दिलेले असते, आणि आण्णांचा चौथा दिवस आहे.

प्रश्नकर्ता
बाटल्या पाहुण्यांना परत दिल्या. लॅक्टेट (पेशींचे ऊर्जेचे काम बिघडले की रक्तात वाढणारा पदार्थ) काल ४.१ होते, आज ३.२ आहे. लघवी मात्र तेवढीच.

उत्तर १
लॅक्टेट उतरते आहे हे बरे. रक्तदाबासाठी अॅड्रेनालिन चालू असेल तर त्यानेही ते चढते, तेवढे विचारून घ्या. लघवी सहसा मागाहून वाढते. डायलिसिसची गरज पडली, तरी मूत्रपिंडे कायमची गेली असे समजू नका.