शब्दचर्चा : ‘अलायन्स’ला मराठीत काय म्हणावे?

पानगळ
फिनलंडविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी दोन दिवस एकाच वाक्यापाशी अडले आहे. ४ एप्रिल २०२३ रोजी तो देश नाटोचा एकतिसावा सदस्य झाला. त्यासंबंधी लेखक म्हणतो की, रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या या देशाने लष्करी अलिप्तता सोडली आणि तो ‘अलायन्स’मध्ये आला. मी ‘लष्करी युती’ असे लिहिले होते. संपादकांनी त्याखाली रेघ ओढून समासात ‘जागावाटप झाले का?’ असा शेरा मारला. ‘आघाडी’ लिहिले तरी तीच गत होणार. मग काय लिहावे?

मुळाक्षर
घरात सोने असताना आपण बाहेर का शोधत आहात? कौटिल्याने षाड्गुण्यात, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा मार्गांत, संधी, विग्रह, आसन, यान आणि द्वैधीभाव यांच्या जोडीला ‘संश्रय’ सांगितला आहे. शेजारचा राजा बलाढ्य असेल, तर दुर्बळाने दुसऱ्या समर्थाकडे जावे, हाच त्याचा आशय आहे. दोन हजार वर्षांचा नेमका शब्द बाजूला सारून निवडणुकीतले शब्द चघळण्याची खोड आता सोडली पाहिजे.

कोकणकडा
मुळाक्षरकाका, शब्द जुना आहे म्हणून तो नेमका ठरत नाही. संश्रय म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, आणि फिनलंडने तसे काहीही केलेले नाही. त्यांची सक्तीची लष्करसेवा चालू आहे आणि युद्धकाळात ते सुमारे २,८०,००० सैनिक उभे करू शकतात. आश्रयाला जाणे कसे असते, हे पाहायचे तर आपल्याकडे वसईचा तह आहे. यशवंतराव होळकरांकडून हडपसरला फौजेचा पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव इंग्रजांकडे गेला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने सही केली, तैनाती फौजेच्या खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी न करण्याचे कबूल केले. त्या तहाच्या इंग्रजी मसुद्यातही ‘अलायन्स’ हाच शब्द आहे, हे विसरू नये.

उत्तरायण
मी नऊ वर्षे हेलसिंकीजवळ राहतो, म्हणून थोडी भर घालतो. फिनिश भाषेत यासाठी ‘लिइत्तो’ हा शब्द आहे आणि विवाहालाही ‘आविओलिइत्तो’ म्हणतात. हा शब्द कुठे वापरायचा नाही, याबद्दल मात्र हे लोक फार काटेकोर होते. १९३९-४० चे सोव्हिएत संघाविरुद्धचे हिवाळी युद्ध ते १०५ दिवस जवळजवळ एकटेच लढले, करेलिया गमावली आणि तिथल्या चार लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. पुढे १९४१ पासून ते जर्मनीच्या बाजूने लढले, तरी आपण जर्मनीचे ‘लिइत्तोलाइनेन’ नसून केवळ ‘कान्सासोतिया’, म्हणजे सहयोद्धे, आहोत असेच सरकार म्हणत राहिले. ब्रिटनला हा शब्दभेद पटला नाही. त्याने ६ डिसेंबर १९४१ रोजी, नेमक्या फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी, युद्ध पुकारले. १९४८ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या कराराच्या नावात तर मैत्री, सहकार्य आणि परस्पर साहाय्य असे तिन्ही गोड शब्द होते. आमच्या शेजारच्या आजींसमोर मी एकदा त्यातल्या ‘मैत्री’चे कौतुक केले, तेव्हा त्यांनी काही न बोलता माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. पानगळताई, तेव्हा ‘मैत्रीकरार’ तेवढा टाळा.

शेवंती
आमच्या गोव्यात जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या पोर्तुगीजमध्ये ‘आलियान्सा’ म्हणजे राष्ट्रांची जूटही आणि लग्नाची अंगठीही. मग मराठीत सरळ ‘सोयरीक’ का म्हणू नये? त्यात दोन्ही घरे आपापल्या जागी राहतात आणि संबंध तर जुळतो.

मुळाक्षर
‘सोयरा’ हा ‘सहोदर’पासून आला आहे, तेव्हा निदान तो शुद्ध मुळाचा आहे, एवढे मी मान्य करतो.

कोकणकडा
सहोदराशी सोयरीक कशी होईल, काका? ही व्युत्पत्ती मला मुळीच पटत नाही. उलट ‘युती’चीच बाजू मला आता घ्यावीशी वाटते. पंचांगातल्या युतीत दोन ग्रह आपल्याला एकमेकांना चिकटलेले दिसतात, प्रत्यक्षात ते कोट्यवधी किलोमीटर दूर असतात. नाटो कराराच्या पाचव्या कलमात एकावरील हल्ला सर्वांवरील मानला आहे खरा, परंतु कोणती कृती आवश्यक आहे, हे प्रत्येक सदस्याने आपापले ठरवायचे असते. तेव्हा युती म्हणावे आणि पंचांगातला अर्थ मनात धरावा.

पानगळ
मजकूर आज रात्री द्यायचा असल्यामुळे मी ‘नाटोत दाखल झाला’ असे लिहून तो शब्द तूर्त टाळला आहे. परंतु पुढच्याच परिच्छेदात ७ मार्च २०२४ रोजी स्वीडन येतो आणि लेखक दोघांना मिळून ‘नवे अलाइज’ म्हणतो. ‘दोस्त राष्ट्रे’ म्हटले की वाचक थेट दुसऱ्या महायुद्धात जाऊन पोहोचेल. त्याचे काय करू?

मुळाक्षर
त्याकडे नंतर पाहू. कोकणकडा, अर्थ पालटतात, म्हणून व्युत्पत्ती खोटी ठरत नाही. ‘सहोदर’ नको असेल तर ‘सोयरा’ कुठून आला, हे आधी आपण सांगावे.