बेकरीवाल्यावर बहिष्कार टाकावा का? दिवाळी तोंडावर आलीये, मन होत नाही तिथं जायला

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आमचं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी आहे, नाव लिहीत नाही. लग्नाला २२ वर्षं झाली तेव्हापासून दिवाळीची नानकटाई तिथंच भाजून आणतोय. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा घरून न्यायचा, नंबर लावायचा आणि संध्याकाळी गरम डबे घेऊन यायचं, सासूबाईंपासूनची पद्धत.

तिथं सात बायका कामाला. त्यातली एक सकाळी माझ्याकडं भांड्याला यायची, नवरा वारलाय, दोन पोरं. गणपतीच्या आधी एक दिवस ती आली आणि नळ सोडून नुसती उभीच राहिली, हात पाण्यात, पातेलं भरून वाहतंय तरी लक्ष नाही. लई वेळानं बोलली. "वैनी, मालकानं मैद्याचं पोतं काढायला मागच्या खोलीत बोलवलं आणि हात धरला." दोनदा झालं म्हणे. हिनं काम सोडलं तर महिन्याचा पगार अडवून ठेवला, आणि वर गल्लीत सांगत सुटलाय की गल्ल्यातनं पैसे जात होते म्हणून मीच काढली.

सहा वर्षं माझ्या घरात वावरतीये ती, कपाटाची किल्ली कुठं असते तिला माहितीये. कधी एक रुपया इकडचा तिकडं नाही.

तर आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का, की यंदा कुणीच तिथं जायचं नाही? आमचे हे म्हणतात आपण आपलं जाणं बंद करू, बोभाटा नको. पण मी गुपचूप बंद केलं तर त्याला काय कळणार, त्याला वाटेल ताई गावाला गेल्या असतील.

खमंग_खारी
यात विचारायचं काय ताई. असल्या माणसाच्या हातचा पाव घशाखाली उतरेल का? नानकटाई घरी कढईत मीठ तापवून पण होते, मी दरवर्षी करते. बिनधास्त टाका ग्रुपवर, तिचं नाव पण टाका म्हणजे लोकांना पटेल.

कोर्टाची_पायरी
नाव अजिबात टाकू नका, हात जोडून सांगते. मी वकिली करते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे, त्यात तक्रार करणाऱ्या बाईची ओळख आणि तक्रारीतला मजकूर जाहीर करायला मनाई आहे. शिवाय ग्रुपवर मालकाचं नाव घेऊन लिहिलं तर तो अब्रुनुकसानीची केस तुमच्यावर टाकेल, आणि मूळ गोष्ट राहील बाजूला.

लोकांना वाटतं हा कायदा मोठ्या कंपन्यांचा. तसं नाही. जिथं १० पेक्षा कमी माणसं कामाला आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकावरच आहे, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. तुमच्या केसमध्ये दोन्ही बसतंय. साताऱ्याला कलेक्टर ऑफिसात महिला व बालविकासकडं चौकशी करा. अर्ज लेखी लागतो, तिला लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. पण घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती अजून ३ महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. गणपतीच्या आधीची गोष्ट म्हणताय, म्हणजे दिवस कमी उरलेत. पोलिसात जायचा रस्ता वेगळा, तो पण तिला मोकळा आहे. पगाराचं सरकारी कामगार अधिकाऱ्याकडं.

माणदेशी
एक शंका. बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आहे ना? उगाच ताई अडचणीत यायच्या.

कोर्टाची_पायरी
तो २०१६ चा, २०१७ पासून लागू झाला. जातपंचायती आणि गावकी कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकायच्या त्यासाठी केलाय, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपण कुठनं पाव घ्यायचा हा आपला प्रश्न, त्याला कुणी अडवू शकत नाही. पण त्याच्या घरच्यांशी बोलायचं नाही, पोरांना खेळायला घ्यायचं नाही, लग्नाला जायचं नाही असले ठराव मंडळानं करू नयेत, ते वाळीत टाकणंच झालं. त्याच्या बायकोपोरांनी काय केलंय?

हातमाग
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. माझी आई एका खानावळीत पोळ्या लाटायची. तिथला मालक बायकांशी फार वाईट वागायचा, शेवटी गल्लीनं जेवायला जाणं बंद केलं. बरोबरच केलं. पण धंदा बसला तेव्हा आधी कुणाला घरी बसवलं? पोळ्यावाल्यांना. मालकाची शेती होती, त्याचं काही अडलं नाही. आईच्या हाताला चार महिने काम नव्हतं, मी सातवीत होतो, ती दिवाळी मला आठवते. आणि या सगळ्यात आईला कुणी येऊन विचारलंच नाही की बाई तुला काय पाहिजे. म्हणून म्हणतो, ताई, ग्रुपच्या आधी तिच्या दारात जा. बाकीच्या सहा जणींचं काय चाललंय ते पण तिलाच माहीत असणार.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. हातमाग दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, सकाळीच तिच्याकडं गेले. दोन महिने मीच माझ्या रागात होते, तिला विचारलंच नव्हतं हे खरंय.

ती म्हणाली, "वैनी, बेकरी बंद पाडू नका, माझी जाऊ तिथंच हाय, तिचं घर त्याच्यावर चालतंय. मला माझा पगार पायजे आणि मी चोर नाय हे त्यानं चार लोकांत बोलायला पायजे." आणि जाऊबाई आता कुणाला एकटीला मागच्या खोलीत जाऊ देत नाही, पोतं काढायचं तर दोघी मिळून जातात, हे ऐकून मला कसंतरीच झालं.

ग्रुपवर काही टाकलं नाही. मी स्वतः मात्र तिथनं काही घेणार नाही, आणि यंदा का नाही असं त्यानं विचारलंच तर तोंडावर सांगणार, हिचा पगार दे आणि चोर म्हणालास ते मागं घे. सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी साताऱ्याला जातोय, अर्ज मी लिहून घेतलाय, तारखा तिनं पोराच्या शाळेच्या वहीवरनं जुळवून दिल्या. वकीलताई, अर्जाच्या किती प्रती लागतात तेवढं सांगा. आणि खमंग_खारी, कढईत मीठ किती वेळ तापवायचं?