मदत हवी आहे: छोट्या पॅटिओत भाजायचा कट्टा, पक्का बांधू की हलता ठेवू? (नाशिक)

मंडळी, नमस्कार.

पाथर्डी फाट्याजवळ आमचा तळमजल्याचा फ्लॅट आहे. मागे ११ बाय ९ फुटांची उघडी जागा. बिल्डरच्या माहितीपत्रकात ती 'पॅटिओ' होती, आईच्या लेखी 'मोरीमागची जागा'. सध्या तिथे वॉशिंग मशीन, तुळस आणि लेकीची सायकल नांदते. उरलेल्या कोपऱ्यात भाजायची कायमची सोय करायचीय (भाजणी थालिपिठाची नव्हे, निखाऱ्यावरची). कणसं, रताळी, पनीर, कधी चिकन आणि मुख्य म्हणजे भरिताची वांगी. बाबा मूळचे जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडचे. गॅसवर वांगं भाजून केलेल्या भरिताला ते 'वांग्याची भाजी' म्हणतात आणि मुकाट्याने खातात, हे जास्त लागतं. तुराट्यांवर (तुरीच्या वाळक्या काड्यांवर) भाजणं इथे शक्य नाही हे त्यांनाही कळतं, त्या भडकल्या की जाळ डोक्याएवढा उठतो. म्हणून लाकडी कोळसा.

गेल्या डिसेंबरात उत्साहाच्या भरात घमेल्यात कोळसे पेटवले आणि घमेलं थेट कोटा फरशीवर ठेवलं. वीसेक मिनिटांत 'टाक्' असा आवाज आला, फरशीचा बशीएवढा पापुद्रा उडाला आणि पाठोपाठ उडालेल्या ठिणगीने मामेभावाच्या मोज्याला भोक पाडलं. वांगी बरी झाली होती, पण त्यांच्याकडे बघायला कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसरी अडचण वरच्या काकूंची. त्या उन्हाळ्यात बाल्कनीत कुरडया, पापड घालतात. "तुमच्या कोंबडीचा वास माझ्या कुरडयांना लागला तर त्या कोण खाणार?" असं हसत म्हणाल्या, पण ते हसणं अर्धंच होतं. म्हणून मी चार दिवस संध्याकाळी साडेसातला कोपऱ्यात उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघत बसलो. पश्चिमेच्या कोपऱ्यातला धूर भिंतीला चिकटून सरळ त्यांच्या दोरीवर. पूर्वेच्या कोपऱ्यातला मोकळ्या बाजूला निघून जातो, पण तिथून जेमतेम पाच फुटांवर पाइप गॅसचा मीटर आहे.

गवंड्याने सुचवलेलं असं: ३ बाय २ फुटांचा विटांचा ओटा, वरून सिमेंटचा गिलावा, काळा ग्रॅनाइट, आणि भाजायला कुंपणवाल्याकडची जस्ताचा मुलामा दिलेली जाळी, "कधीच गंजणार नाही साहेब." सगळं मिळून ४२ हजार. आकडा ऐकून थांबलो. हे बरोबर आहे का? धुरासाठी चिमणी उभारावी का? आणि पावसाचं काय करायचं, वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकू का?

प्रतिसाद

दादा, गवंड्याला थांबवलंत ते बरं केलंत. मी अंबडला फाउंड्रीत आहे, रोजचं कामच भट्टीशी. जिथे निखारे टेकणार तिथे सिमेंटचा गिलावा नको. गिलाव्यात मुरलेलं पाणी तापून वाफ होतं, वाट मिळाली नाही की पापुद्रा फेकतं. तुमच्या फरशीचं थोडंफार तेच झालं. आतल्या खोक्याला फायर ब्रिक (भट्टीची उष्णता सोसणारी वीट) घ्या, नेहमीचा आकार ९ बाय साडेचार बाय ३ इंच. बांधायच्याच असतील तर सांध्यांत सिमेंट नाही, फायर क्ले (तशीच उष्णता सोसणारी माती), तोही पातळ.

ती जाळी मात्र अजिबात नको. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि फुललेला निखारा त्याच्या कितीतरी पुढे असतो. जस्ताचा धूर पोटात नि छातीत जायला नको. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या ८ मिलिमीटर सळया अंबडला कुणीही फॅब्रिकेटर वेल्ड करून देईल.

माझं ऐकाल तर बांधूच नका. अँगलचं २४ इंच उंचीचं भक्कम स्टँड करा. त्यावर १२ विटा अंथरून तळ, आणि तीन बाजू मिळून दर थराला ६ विटा, असे तीन थर, नुसते रचून. ३० विटा झाल्या, वजन शंभर किलोच्या वर भरेल, हलणार नाही. पुढची बाजू उघडी ठेवा, तिथूनच हवा आणि तिथूनच राख. तिसरा थर एक इंच बाहेर सरकवला की जाळीला खाली एक टेका मिळतो आणि माथ्यावर दुसरा. खालच्या टेक्यावर जाळी निखाऱ्यापासून चारेक इंचांवर राहते, कणसाला, पनीरला बरी. चिकनला वरचा टेका, नाहीतर बाहेर काळं आणि आत कच्चं. मागच्या भिंतीपासून एक फूट मोकळं सोडा.

प्रतिसाद

मीसुद्धा एक वरच्या मजल्यावरची काकूच, फक्त इंदिरानगरची. धूर कोळशापेक्षा तुमच्या घाईचा असतो. अर्धवट पेटलेला कोळसा धुरकटतो आणि चरबी, मॅरिनेशनचं तेल निखाऱ्यावर टपकलं की तो खमंग निळा धूर उठतो. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्या, वरचं तोंड पूर्ण कापा, तळाला आणि खालच्या कडेला भोकं पाडा. दोन विटांवर ठेवून खाली वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा. रॉकेल नको. वीस मिनिटांत वरचे कोळसेसुद्धा राखाडी होतात, तेव्हाच ओता. निखारे एका अंगाला सरकवा आणि तेलकट पदार्थ दुसऱ्या अंगाला, खाली ताटली ठेवून. चिमणीचा खर्च वाचेल. आणि कुरडयांच्या दिवसांत आदल्या दिवशी वर जाऊन सांगून या. जाताना दोन कणसं न्या.

आणखी एक. ती जागा इमारतीच्या मार्जिनमध्ये (नियमाने भोवती मोकळी सोडायच्या पट्ट्यात) येते का, मंजूर नकाशात बघा. येत असेल तर पक्क्या ओट्यावर तक्रार झाली की तोडायची वेळ येऊ शकते.

धागाकर्ता

नकाशा पाहिला. मार्जिनमध्येच आहे. पक्क्या ओट्याचा विषय संपला. मीटरसाठी गॅस कंपनीला विचारणार आहे, तोवर पूर्वेचा कोपराही बंद. स्टँड मधोमध ओढून भाजेन आणि विझलं की भिंतीकडे ढकलेन. शंभर किलो ढकलायला चाकं लागतील ना?

प्रतिसाद

फाउंड्रीवालाच परत. रबरी चाकं नको, लोखंडी लावा, दोन चाकांना ब्रेक. मात्र पेटलेलं असताना जागचं हलवायचं नाही, आणि रात्रभर थंड होऊ द्या. पॉलिकार्बोनेट दीडशे अंशांच्या आसपास मऊ पडतं, खाली निखारे आणि वर ते, हे गणित जमत नाही. छतच नको. पावसाळ्यात ताडपत्री झाका. विटा तरीही थोडं पाणी पितातच, म्हणून पहिल्या दिवशी चार कोळशांवर तासभर हळू तापवा, मग पूर्ण पेटवा.

प्रतिसाद

दिंडोरीहून. आमच्याकडे जुनी बाग काढली की द्राक्षाची खोडं पडून असतात. दोन पावसाळे वाळलेलं, साल सोललेलं खोड निखाऱ्याला झकास. पण छाटणीच्या ताज्या काड्या कुणी फुकट दिल्या तरी घेऊ नका, त्यांच्यावर मोरचूद-चुन्यापासून सगळं फवारलेलं असतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल ३० विटा रचल्या आणि तासभर हळू तापवलं. मग अर्ध्या तासाने पहिलं वांगं ठेवलं. चाकूने चार टोचण्या मारायला विसरलो, ते फुटलं आणि गर राखेत. दुसऱ्याला बाबांनी स्वतः टोचलं, देठाला धरून फिरवत बसले. वरच्या काकूंना वाटीभर भरीत पाठवलं, तर वाटी परत आली ती तळलेल्या कुरडया घेऊन.

गॅस कंपनीने काही सांगितलं की इथेच लिहितो. दिंडोरीकर, एक गोणी खोडं मिळतील का?