विषय: कार लोन रिजेक्ट, रिपोर्टवर भलत्याच माणसाचं बिल

नमस्कार मंडळी,

आमच्या ह्यांचं कार लोन रिजेक्ट झालं. डीलरकडे दोन तास ताटकळलो, शेवटी "सॉरी" म्हणाले. क्रेडिट रिपोर्ट (कर्जफेडीच्या नोंदींचा) काढला तर टेक्सासच्या कुठल्याशा हॉस्पिटलचं २,३०० डॉलरचं कलेक्शन, म्हणजे वसुलीवाल्यांकडे गेलेलं थकलेलं बिल! टेक्सासला आम्ही साधं विमान बदलायलाही उतरलेलो नाही. एक क्रेडिट रिपेअरवाला (पैसे घेऊन रिपोर्ट दुरुस्त करून देणारा) म्हणतो, ५९९ डॉलर आधी भरा, महिन्यात फाइल साफ. भरू का?

---

ताई, एक छदाम देऊ नका. काम व्हायच्या आधी पैसे घेणंच बेकायदेशीर आहे, १९९६ पासून तसा फेडरल कायदा आहे. आणि तो जे करणार ते तुम्ही टपालखर्चात घरबसल्या करू शकता.

बँकेचं नकाराचं पत्र फेकू नका. कुठल्या ब्युरोचा (हे रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपनीचा) रिपोर्ट बघून नाही म्हटलं ते त्यांना सांगावंच लागतं आणि ६० दिवसांत मागितला तर तो ब्युरो फुकट रिपोर्ट देतो, फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्ट, १९७० चा. इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन, तिघांचेही काढा, एकाकडे चूक आणि दुसऱ्याकडे नाही असं सर्रास होतं. अॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर आता दर आठवड्याला फुकट मिळतात, मिळत्याजुळत्या नावाच्या साइटवर कार्ड नंबर देऊन बसू नका.

माझ्या मते ही मिक्स्ड फाइल आहे. सोशल सिक्युरिटी नंबरचे नऊच्या नऊ आकडे न जुळताही एकाची फाइल दुसऱ्यात घुसते, आणि आपल्यात नाव-आडनाव सेम असलेले ढिगाने, वेगळं असतं ते फक्त वडिलांचं नाव, तेच इथे कुणी धड लिहीत नाही! माझ्याही रिपोर्टवर असाच एक नावबंधू राहून गेलाय.

ब्युरोला डिस्प्यूटचं, म्हणजे ही नोंद आमची नाही असं, पत्र लिहा, आणि कलेक्शनवाल्यालाही वेगळं. सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीट घेऊन. पोचपावतीचं ते हिरवं कार्ड जपून ठेवा (हे ग्रीन कार्ड तरी आठवड्याभरात हातात पडतं). ब्युरोला ३० दिवसांत तपासावं लागतं, मध्येच तुम्ही नवीन कागद पाठवलेत तर ४५ होऊ शकतात. पडताळणी जमली नाही तर नोंद काढावीच लागते. आणि कटकट नको म्हणून थोडे पैसे भरून टाकू असं अजिबात करू नका, ते देणं तुमचं नाहीच.

---

दादा, तुमचा मेल वाचून रिपोर्ट परत नीट बघितला. पहिल्याच पानावर "इतर नावं" मध्ये ह्यांचंच नाव, पण मधलं अक्षर आर! आमच्या सासऱ्यांचं नाव व्ही वरून. खाली ह्यूस्टनचा पत्ता. उद्याच पोस्टात जाते. सोबत काय काय जोडू?

---

लायसन्सची कॉपी, पत्ता दिसेल असं लाइट बिल, आणि रिपोर्टचं ते पान, आर आणि ह्यूस्टनला गोल करून. ओरिजिनल काही पाठवू नका. आणि पत्रावर सही ह्यांचीच हवी हं, तुमची नाही.